ऑफ-रोड गो-कार्ट: गिअर रेशो किती ठेवावा? ६ ला चढावर क्लच तापतोय

लालमाती

मंडळी, ऑफ-रोड गो-कार्ट बांधतोय आणि सगळं काम गिअर रेशोपाशी येऊन अडलं आहे. आधी माहिती देतो, म्हणजे पुन्हा विचारायला नको.

इंजिन १९६ सीसी, फोर-स्ट्रोक, आडव्या शाफ्टचं, गव्हर्नर (इंजिनाच्या फेऱ्यांना मर्यादा घालणारा) ३६०० आरपीएमला. इंजिनाच्या शाफ्टवर १० दात्यांचा सेंट्रिफ्युगल क्लच (फेरे वाढले की आपोआप पकडणारा), मागच्या ॲक्सलवर ६० दात्यांचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक), म्हणजे रेशो ६० भागिले १०, सहा. ३५ नंबरची चेन. मागचे टायर १८ इंची. मी बसल्यावर सगळं मिळून वजन २२० किलोच्या आसपास.

सपाट कच्च्या रस्त्यावर झकास पळते. पण चढ लागला किंवा भुसभुशीत माती आली की इंजिनाचा आवाज चढतो, गाडी मात्र रांगते, आणि थोड्या वेळात क्लचचा जळका वास येतो. ड्रमवर निळी झाक दिसायला लागली आहे.

एक जण म्हणतो मागे ७२ दाते लाव. दुसरा म्हणतो मोठं इंजिन घे. मला हिशोब समजून घ्यायचा आहे. फार वेग नको आहे, पण चढ चढलाच पाहिजे.

चेनलॉक

माहिती व्यवस्थित दिलीत, बरं झालं. इंजिन बदलू नका, दोष इंजिनाचा नाही.

बहुतेक जण रेशो वरच्या टोकाकडून ठरवतात: जास्तीत जास्त वेग किती हवा, त्यावरून दाते. डांबरी ट्रॅकवर ते चालतं. मातीत उलट्या टोकाकडून यावं लागतं: सगळ्यात अवघड जागी गाडी किती सावकाश चालणार आहे? त्या वेगालाही क्लच पूर्ण पकडलेला असला पाहिजे.

तुमचंच उदाहरण घेऊ. १८ इंच म्हणजे ०.४५७ मीटर, चाकाचा एक फेरा साधारण १.४४ मीटरचा. रेशो ६. हा क्लच पकडायला लागतो १८०० ते २२०० आरपीएमच्या दरम्यान. आपण २००० धरू. २००० भागिले ६ म्हणजे ॲक्सलचे मिनिटाला ३३३ फेरे, म्हणजे तासाला जवळपास २९ किलोमीटर.

याचा अर्थ असा, की ताशी २९ च्या खाली तुमचा क्लच घसरतच असतो. सपाटीवर गाडी पटकन २९ ओलांडते, म्हणून काही जाणवत नाही. चढावर तुम्ही १२-१५ ने चालता, तेव्हा इंजिनाची बरीचशी ताकद क्लचच्या शूज आणि ड्रममध्ये उष्णता होऊन जाते. निळी झाक त्याचीच.

हाच हिशोब बाकी रेशोंना लावला तर, पहिला आकडा क्लच पकडण्याचा वेग, दुसरा ३६०० ला मिळणारा (दोन्ही ताशी किमी):

६ ला: २९ आणि ५२
७.२ ला: २४ आणि ४३
९ ला: १९ आणि ३४
१० ला: १७ आणि ३१
१२ ला: १४ आणि २६

आता सांगा, तुमचा चढ कसा आहे?

लालमाती

चेनलॉक, धन्यवाद. २९ चा आकडा बघून सगळा उलगडा झाला. चढ सलग मोठा नाही, पण त्यातला एक तुकडा पाचास एक असेल, म्हणजे पाच मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. माती सैल आहे. तिथे थांबून पुन्हा निघावं लागतं, कारण वर वळण आहे.

वेगवती

पाचास एक असेल तर नुसता क्लचचा वेग बघून भागणार नाही. ओढ पुरते का ते बघावं लागेल.

तुमच्या मापाच्या इंजिनांपैकी होंडा जीएक्स २०० घेतलं, तर टॉर्क (फिरवण्याचा जोर) १२.४ न्यूटन-मीटर, तोही २५०० आरपीएमला. ३६०० ला टॉर्क यापेक्षा कमी असतो. चेन आणि बेअरिंगमध्ये दहा टक्के गेले असं धरते. चाकाची त्रिज्या ०.२२९ मीटर.

चाकाशी मिळणारी ओढ = टॉर्क × रेशो × ०.९ ÷ त्रिज्या.

६ ला २९३ न्यूटन. ९ ला ४४०. १० ला ४८८. १२ ला ५८६.

आता लागते किती? २२० किलोचं वजन म्हणजे २१५८ न्यूटन. पाचास एक चढावर त्याचा मागे ओढणारा भाग ४२३ न्यूटन. वर सैल मातीचा विरोध, वजनाच्या ६ टक्के धरला तरी १२७. एकूण ५५०.

म्हणजे ६ वर तुमची गाडी त्या तुकड्यावर निम्म्या ओढीनिशी उभी आहे. क्लच जळणारच. १० वरही थोडी कमी पडेल; वेग घेऊन आलात तर निघून जाईल, पण मधे थांबलात तर उठणार नाही. तुम्हाला तिथे थांबून निघायचं आहे, तेव्हा उत्तर १२.

एक महत्त्वाची गोष्ट. माती खूपच सैल असेल, वाळूसारखी, तर ६ टक्क्यांचे २० टक्केसुद्धा होतात. अशा जागेसाठी रेशो वाढवत बसू नका, रुंद टायर आणि कमी हवा याने जास्त फरक पडतो.

ढेकूळ

वेगवतीताई, मग १५ किंवा १८ का नको? ओढ जितकी जास्त तितकं बरं ना?

वेगवती

नाही, कारण पुढे चाकच फिरतं. मागच्या दोन चाकांवर वजनाचा ६० टक्के भार धरला तर १२९५ न्यूटन. सैल मातीत पकड त्याच्या ०.४ ते ०.५ पट. म्हणजे जमीन ५२० ते ६५० न्यूटनच सोसते. १२ ला इंजिन ५८६ देतंय, म्हणजे आपण जमिनीच्या मर्यादेपाशी आलोच आहोत. चढावर भार मागे सरकतो म्हणून थोडी जास्त पकड मिळते, पण १८ पर्यंत जाण्याइतकी नाही. त्यापुढचा प्रत्येक दाता फक्त खड्डा खणेल.

हे दोन्ही चाकं एका ॲक्सलवर घट्ट असतील तर. एकाच चाकाला चेन असेल तर पकड निम्मी, मग आधी ते बदला.

सपाटीवाला

मला हे पटत नाही. १२ ला वरचा वेग ताशी २६! सपाट भाग आला की इंजिन सतत गव्हर्नरवर ओरडत राहणार आणि माणूस वैतागणार. गाडी ९० टक्के वेळ सपाटीवर चालते, मग एका तुकड्यासाठी सगळ्या गाडीची मजा घालवायची? ९ किंवा फार तर १० ठेवा, चढ वेगात घ्या. वजन कमी करा. २० किलो कमी केलेत तर तोच चढ ५०० न्यूटनमध्ये निघतो.

चेनलॉक

सपाटीवाला, मुद्दा रास्त आहे. वजनाचा तर शंभर टक्के. वेगात चढ घेता येत असेल तर मीही ९-१० च म्हटलं असतं. पण लालमाती म्हणतात वर वळण आहे, थांबावं लागतं. वळणाच्या तोंडाशी वेगात जाऊन गाडी उलटण्यापेक्षा सपाटीवर २६ ने गेलेलं केव्हाही चांगलं.

आणि कृपा करून कोणी गव्हर्नर काढायचा सल्ला देऊ नका. या इंजिनांचा कनेक्टिंग रॉड ॲल्युमिनियमचा आणि फ्लायव्हील ओतीव असतो, ते ३६०० च्या हिशोबाने बनवलेले आहेत. ५५०० ला फ्लायव्हील फुटला तर तो माणसाच्या पाठीमागे वीतभर अंतरावर असतो.

लालमाती

गव्हर्नरला हात लावणार नाही. १२ करायचा तर १० दात्यांपुढे मागे १२० दाते लागतात. एवढं मोठं स्प्रॉकेट मिळतं का? आणि ७२ वाल्या मित्राचं काय?

लेथमास्तर

१२० दाते मिळाले तरी लावू नका. ३५ च्या चेनची पिच, म्हणजे लागोपाठच्या दोन पिनांमधलं अंतर, ९.५२५ मिमी. १२० दात्यांचा व्यास होतो ३६४ मिमी, म्हणजे ॲक्सलच्या मध्यापासून १८२ खाली. तुमचं चाक २२९. चेन धरून जमिनीपासून चाळीस-एक मिमी राहिले. पहिल्या दगडाला दाते वाकतील. ७२ दात्यांनी रेशो ७.२ होतो, ओढ ३५० न्यूटन. क्लचला थोडा आराम, पण तुमचा चढ निघत नाही.

मधला शाफ्ट टाका. जॅकशाफ्ट म्हणतात तोच. दोन टप्प्यांचे रेशो गुणले जातात. मी असं करेन:

इंजिनाचे १० दाते → जॅकशाफ्टवर २४. हे झाले २.४.
जॅकशाफ्टच्या दुसऱ्या टोकाला १२ → ॲक्सलवर ६०. हे झाले ५.
२.४ × ५ = १२.

आता याची खुबी बघा. मागचा टप्पा कायम १२:६० ठेवायचा. जॅकशाफ्टवरचं २४ काढून २० लावलं की रेशो १०, १८ लावलं की ९. एकच स्प्रॉकेट बदलायचं, एका दात्याला अर्धा रेशो. सपाटीवालांचं समाधान आणि तुमचा चढ, दोन्ही एकाच गाडीत. २४ वरून २० वर आलात की चेन दोन कड्यांनी कमी होते, आणि तो सम आकडाच असल्यामुळे अर्धी कडी घालावी लागत नाही. अर्धी कडी ही चेनची सगळ्यात कच्ची जागा, ऑफ-रोडला तर नकोच.

पहिल्या टप्प्याला ३५ चालेल. दुसऱ्याला नको. पूर्ण टॉर्कला पहिल्या चेनवर ताण ८०० न्यूटनच्या आसपास येतो. दुसऱ्या टप्प्यात ३५ चीच १२ दात्यांवर वापरली तर १० रेशोलाही ताण १३०० च्या वर जातो, तुमच्या १२ रेशोला तर १६०० च्या घरात. नुसत्या आकड्यांनी चेन टिकेल, पण खड्ड्यातून उडालेलं चाक जमिनीला टेकतं तेव्हाचा झटका याच्या कितीतरी वर असतो. शिवाय ३५ च्या चेनमध्ये फिरणारा रोलर नसतो, नुसता बुश असतो. चिखल-वाळूत तो लवकर झिजतो. मागे ४० नंबर किंवा मोटरसायकलची ४२० घ्या. दोन्हीची पिच अर्धा इंच, रुंदी वेगळी, त्यामुळे चेनला जुळणारंच स्प्रॉकेट घ्या. अर्ध्या इंची पिचला ६० दात्यांचा व्यास २४३ मिमी. चेन धरून खाली दहा सेंटीमीटर जागा उरते. पुरे आहे.

लालमाती

लेथमास्तर, हे अगदी मनासारखं झालं. दोन शंका. मधे शाफ्ट आला की चाकं उलटी फिरणार नाहीत ना? आणि क्लच इंजिनावरच ठेवू की जॅकशाफ्टवर नेऊ?

लेथमास्तर

चेनने दिशा बदलत नाही. कितीही शाफ्ट टाका, सगळे एकाच दिशेने फिरतात. गिअरला गिअर थेट भिडवला तर प्रत्येक टप्प्याला दिशा उलटते.

क्लच इंजिनावरच. तो फेऱ्यांच्या जोरावर पकडतो. जॅकशाफ्ट २.४ पटीने सावकाश फिरतो, इंजिन ३६०० ला असताना तिथे फक्त १५००. क्लच कधी पकडणारच नाही. शिवाय तिथे टॉर्कही २.४ पट.

बांधणीचं थोडं सांगतो, कारण इथेच लोक फसतात.

शाफ्ट २० मिमीचा, दोन्ही टोकांना पेडेस्टल बेअरिंग, आणि दोन्ही स्प्रॉकेट बेअरिंगला जमेल तितकी चिकटून. स्प्रॉकेट मधोमध आलं की शाफ्ट वाकतो आणि चेन तिरकी चालते. चावीचा खाचा दोन्ही स्प्रॉकेटना हवा. नुसत्या ग्रब स्क्रूवर विसंबू नका, तो शाफ्टला ओरखडा पाडून फिरतो.

ताण द्यायला दोन चेन आणि दोन जागा. जॅकशाफ्टच्या पेडेस्टलना लांबट भोकं ठेवा, इंजिनाच्या प्लेटलाही ठेवा. आधी मागची चेन ताणायची, जॅकशाफ्ट सरकवून. मग इंजिन सरकवून पुढची. उलट केलंत तर पुढची चेन पुन्हा सैल होणार. ढील दोन स्प्रॉकेटमधल्या अंतराच्या दोन-तीन टक्के. ३०० मिमी अंतर असेल तर बोटाने दाबल्यावर सहा ते नऊ मिमी. चेन ताठ केली की बेअरिंग जातं.

सरळ रेषा बघायला लांब पट्टी स्प्रॉकेटच्या सपाट बाजूला टेकवा. दोन्ही स्प्रॉकेटना दोन-दोन ठिकाणी टेकली पाहिजे. एका जागी कागद शिरत असेल तर सरकवा. चेन दाते खाते ती इथल्या आळसामुळे.

स्विंगआर्म

कोणी सस्पेन्शनचं विचारलं नाही. लालमाती, मागचा ॲक्सल फ्रेमला घट्ट आहे की स्विंगआर्मवर, म्हणजे वर-खाली हलणाऱ्या आर्मवर?

लालमाती

स्विंगआर्मवर, मागे एक शॉकॲब्सॉर्बर.

स्विंगआर्म

मग जॅकशाफ्टची जागा मोकळेपणाने ठरवता येणार नाही. ॲक्सल वर-खाली होतो तसं जॅकशाफ्ट ते ॲक्सल अंतर बदलतं आणि चेन कधी ताठ, कधी सैल. उपाय एकच आणि तो नीट करा: जॅकशाफ्ट स्विंगआर्मच्या पिव्हटच्या (आर्म जिथे फ्रेमला जोडलेला असतो आणि हलतो ती जागा) अगदी रेषेत, शक्य असेल तर त्याच मध्यावर. मग आर्म कसाही हलला तरी अंतर तेवढंच राहतं. तेवढं जमत नसेल तर शक्य तितकं जवळ, आणि खालच्या बाजूने स्प्रिंगचा टेन्शनर.

मागची चेन ताणायलाही मग जॅकशाफ्ट सरकवायचा नाही, ॲक्सल आर्मच्या खाचेत मागे ओढायचा. लेथमास्तरांनी सांगितलेला क्रम तोच राहील, फक्त जागा बदलली.

लेथमास्तर

बरोबर. स्विंगआर्म असेल तर हेच.

पट्टापुली

एवढं सगळं करताय तर टॉर्क कन्व्हर्टरचा विचार करा. म्हणजे पट्ट्याचा सीव्हीटी, वेगाप्रमाणे रेशो आपोआप बदलणारा. छोट्या इंजिनांच्या ३० सिरीजच्या कन्व्हर्टरचा रेशो सुरुवातीला २.७ आणि वेग घेतल्यावर ०.९. मागे ७२:१० म्हणजे ७.२ ठेवलात तर सुरुवातीला १९.४ आणि शेवटी ६.५. तुमच्या टायरवर पट्टा ताशी ९ च्या आसपास पकडतो आणि वरचा वेग ४८ मिळतो. लालमाती आणि सपाटीवाला दोघांनाही जे हवं ते.

वेगवती

सीव्हीटीला माझं पूर्ण अनुमोदन, चढासाठी त्याहून चांगलं काही नाही. पण दोन गोष्टी सांगा त्यांना. पाण्यातून, चिखलातून जायचं असेल तर पट्टा ओला झाला की घसरतो, म्हणून झाकण हवंच. आणि झाकणाच्या आत हवा खेळती नसेल तर पट्टा तापतो. दुसरं, सुरुवातीला १९ रेशो असला तरी जमीन तेवढी ओढ पेलणार नाही, तेव्हा ॲक्सिलरेटर हळूच द्यावा लागेल.

शिवाय ४० च्या पुढे वेग जाणार असेल तर ब्रेक त्या वेगाचे हवेत. रेशो बदलून वेग वाढवणारे ब्रेकचा विचार नंतर करतात, ते आधी करा.

पट्टापुली

दोन्ही मान्य. ७२ दाते लावताना अर्ध्या इंची पिचला व्यास २९१ होतो, तेही बघा, खालची जागा आणखी अडीच सेंटीमीटरने घटते.

ढेकूळ

रेशो बरोबर बसला की नाही ते गाडी चालवून कसं कळतं? सगळ्यांकडे टॅकोमीटर नसतो.

चेनलॉक

मोबाइलच्या जीपीएसवर वेग बघा. लांब सपाट जागी पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन वेग स्थिर होऊ द्या. हिशोबाने येणारा वेग आणि मिळालेला वेग जुळला म्हणजे इंजिन गव्हर्नरपर्यंत पोचतंय. बराच कमी आला तर सपाटीवरच इंजिन दमतंय, रेशो वाढवा.

पण हिशोब करताना टायरवर छापलेले इंच घेऊ नका. टायरच्या बाजूवर आणि जमिनीवर खडूने एकाखाली एक रेघ मारा, चालवणारा सीटवर बसलेला असू द्या, आणि एक पूर्ण फेरा होईपर्यंत गाडी ढकला. दोन खुणांमधलं अंतर मोजा. हवा कमी ठेवलेला टायर भाराखाली दबतो, त्यामुळे आकडा छापील मापाहून कमी येतो. तोच खरा.

चढावरची चाचणी वेगळी. सगळ्यात अवघड जागी थांबा, पुन्हा निघा. क्लच एक-दोन क्षणांत पकडला आणि इंजिनाचा आवाज गाडीच्या वेगाबरोबर वाढत गेला तर ठीक. आवाज एका जागी अडकून राहिला आणि गाडी रांगत राहिली तर लगेच सोडा, आणखी दाते लागतील. वास येईपर्यंत थांबू नका.

लालमाती

ठरलं. जॅकशाफ्ट पिव्हटच्या रेषेत, १०:२४ आणि १२:६०, मागे ४२०. सोबत २० दात्यांचं एक स्प्रॉकेट जादा घेऊन ठेवतो. नवीन क्लचचे शूज मागवले, निळा ड्रमही बदलतोय.

नवाचालक

उशिरा आलो, पण माझाही प्रश्न इथेच विचारतो. मुलीसाठी छोटी कार्ट करतोय, टायर १३ इंची, इंजिन लालमाती यांच्यासारखंच, १०:६०. मलाही १२ लागतील का? आमच्याकडे चढ नाही, मैदान आहे, गवत आणि थोडी माती.

वेगवती

नाही. १३ इंची चाकाचा फेरा १.०४ मीटर. तुमचे ६ म्हणजे १८ इंची टायरवरच्या ८.३ सारखे. क्लच ताशी २१ ला पकडेल, वरचा वेग ३७. मैदानाला चालेल, पण मुलगी सावकाश चालवणार असेल तर २१ सुद्धा जास्त आहे, क्लच घसरत राहील. ७२ दाते लावा. पकडण्याचा वेग १७ वर येतो, वरचा ३१ वर, आणि मुलांसाठी तोही पुष्कळ आहे.

३५ च्या चेनला ७२ दात्यांची त्रिज्या १०९ मिमी, तुमच्या चाकाची १६५. चेन धरून खाली पाच सेंटीमीटर उरतात. गवताच्या मैदानात पुरेल, दगड असतील तर नाही.

लेथमास्तर

आणि चेनगार्ड, नवाचालक. नुसता वरून नाही, बाजूनेही पूर्ण बंद, पत्र्याचा, मागच्या स्प्रॉकेटच्या खालपर्यंत. मोकळे केस, ओढणी, बुटाची लेस यांपैकी काहीही चेनपर्यंत पोचता कामा नये. गार्ड बसवल्याशिवाय इंजिन चालू करून दाखवूसुद्धा नका.

नवाचालक

गार्ड आधी करतो, ७२ नंतर. इंजिन बंद करायचा स्विच स्टिअरिंगवर बसवू का?

लेथमास्तर

स्टिअरिंगवर एक, आणि दुसरा मागे रोलबारवर, बाहेर उभ्या असलेल्या माणसाचा हात पोचेल असा.